फाइल-वाटप आणि सेवेची अडवणूक : विंडोजमधील एका जुन्या उणिवेविषयी

महाविद्यालयातील सामायिक फोल्डर ही आता आपल्या रोजच्या कामाची बाब झाली आहे. स्टाफरूममधील एका संगणकावर ‘अंतर्गत गुण’ अशा नावाचा फोल्डर असतो. प्रत्येक अध्यापक आपापल्या जागेवरून तो उघडतो, गुण भरतो आणि फाइल मिटतो. त्याच फोल्डरात प्रश्नपत्रिका असतात, हजेरीचे तक्ते असतात, मूल्यांकन समितीसाठी जमवलेली कागदपत्रे असतात. एखाद्या दिवशी तो फोल्डर उघडेनासा होतो. मग कोणी म्हणते नेट गेले, कोणी म्हणते व्हायरस आला, कोणी म्हणते संगणकच जुना झाला. या तीन कारणांपलीकडे एक चौथे कारण असू शकते, ते म्हणजे फोल्डर वाटून देणाऱ्या प्रणालीतच राहून गेलेली उणीव. प्रस्तुत लेख त्या चौथ्या कारणाविषयी आहे.

लेखक संगणकशास्त्राचा अध्यापक नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. मी उर्दू व मराठी शिकवतो. परंतु भाषेच्या अध्यापकाला या प्रश्नाची झळ इतरांहून थोडी अधिक लागते, असा माझा अनुभव आहे. उर्दू प्रश्नपत्रिका ज्या इनपेजमध्ये टंकित केली, ते इनपेज ज्या संगणकावर आहे तेथेच ती फाइल उघडते. मराठीची जुनी फाइल श्रीलिपीच्या अक्षरवळणात असेल, तर ते अक्षरवळण नसलेल्या संगणकावर तिचे नुसते चिन्हांचे कडबोळे दिसते. म्हणून आम्ही भाषावाले एकाच संगणकावर, एकाच फोल्डरवर अवलंबून राहतो. तो अडला की आम्ही अडलो.

शब्दाविषयी थोडेसे

या प्रकारच्या उणिवेला इंग्रजीत ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. त्याचे ‘सेवा-नकार’ असे शब्दशः भाषांतर मराठी वृत्तपत्रांत आढळते. मला ते पटत नाही. नकार देणाऱ्याची काही इच्छा असते, येथे सर्व्हरची तशी काहीच इच्छा नसते. तो सेवा द्यायला तयार असतो, पण तिसराच कोणी त्याला तसे करू देत नाही. उर्दूत ‘महरूम करना’ हा प्रयोग अर्थाला अधिक जवळचा आहे, म्हणजे ज्याचे जे आहे त्यापासून त्याला वंचित ठेवणे. मराठीत ‘सेवा-वंचना’ म्हणावे तर ‘वंचना’चा अर्थ फसवणूक असा होतो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या बाजारात कोणालाही सहज कळेल असा शब्द ‘अडवणूक’ हाच आहे. रस्ता तोच, गाडी तीच, जाणारा तोच, पण वाट कोणीतरी अडवली आहे. म्हणून या लेखात ‘सेवेची अडवणूक’ असाच प्रयोग केला आहे.

एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. अडवणुकीत माहिती चोरली जात नाही, बदलली जात नाही, पुसली जात नाही. ती असते तेथेच असते, फक्त वेळेवर हाती लागत नाही. आपल्या कामात बहुतेक गोष्टींना वेळ असल्यामुळे एवढ्यानेही पुरेसे नुकसान होते. विद्यापीठाकडे गुण पाठवण्याची मुदत सायंकाळी पाचला संपणार असेल, तर ते गुण सहा वाजता सुखरूप सापडून काय उपयोग?

फोल्डर उघडताना काय घडते

विंडोजमधील फाइल-वाटप ज्या नियमावलीने चालते तिचे नाव ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, संक्षेपाने एसएमबी. ही नियमावली १९८० च्या दशकाच्या आरंभी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपल्या प्रणालीत घेतली व वाढवत नेली. लिनक्स व युनिक्स संगणकांनाही विंडोजशी फाइलींची देवघेव करता यावी म्हणून ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास तिची मुक्त आवृत्ती लिहिली, तीच आजची ‘साम्बा’. नाचाशी त्या नावाचा संबंध नाही. एस, एम आणि बी ही तीन अक्षरे ज्यांत आहेत असे शब्द शोधताना ते नाव सापडले.

आपण फोल्डरवर दोनदा टिचकी मारतो तेव्हा आपला संगणक व फोल्डरचा संगणक यांच्यात एक छोटा संवाद घडतो. पहिला प्रश्न भाषेचा असतो : तुला या नियमावलीच्या कोणत्या आवृत्त्या येतात? दुसरा ओळखीचा : मी अमुक वापरकर्ता, हा माझा परवलीचा शब्द. तिसरा फोल्डरचा : मला ‘अंतर्गत गुण’ पाहिजे. त्यानंतर फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, मिटणे. पूर्वी हा संवाद नेटबायोस नावाच्या थरातून १३९ क्रमांकाच्या दारावर होत असे. विंडोज २००० पासून तो थेट ४४५ क्रमांकाच्या दारावर होऊ लागला. दार म्हणजे येथे संगणकाच्या आत येण्याचा एक क्रमांकित मार्ग, इतकेच समजावे.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, ओळख पटण्यापूर्वीच बराच संवाद होऊन गेलेला असतो. समोरचा कोण आहे हे कळण्याआधी त्याची चिठ्ठी हातात घेऊन वाचावीच लागते. दुसरी, विंडोजमध्ये ही चिठ्ठी वाचणारा भाग प्रणालीच्या गाभ्यात बसलेला आहे. वर्डमध्ये बिघाड झाला तर वर्ड बंद पडते, संगणक चालू राहतो. गाभ्यातील भागात बिघाड झाला तर प्रणालीला स्वतःवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ती सगळे काम थांबवते आणि तो परिचित निळा पडदा दाखवते. फाइल-वाटपातील लहानशा चुकीने अख्खा संगणक का बसतो, याचे उत्तर येथे आहे.

अकरावा अध्यापक

हल्ल्यांकडे वळण्यापूर्वी एक स्वानुभव सांगतो, कारण त्यात हल्लेखोर कोणीच नव्हता.

नोकरीची पहिलीच वर्षे होती. ज्या महाविद्यालयात मी तेव्हा होतो तेथे स्टाफरूममधील एक्सपी प्रोफेशनल असलेल्या एका साध्या संगणकावर गुणांचा फोल्डर ठेवला होता. गुण भरण्याचा शेवटचा दिवस. दुपारपर्यंत सर्व ठीक चालले होते. माझी पाळी आली आणि फोल्डर उघडेना. आणखी जोडण्या घेता येत नाहीत, अशा अर्थाची एक इंग्रजी सूचना येई. आम्ही संगणक दोनदा बंद करून चालू केला. एका सहकाऱ्यांनी व्हायरस-शोधक चालवला, त्यात पाऊण तास गेला. फोल्डर काही जणांना उघडे, काहींना उघडत नसे, आणि ज्यांना उघडत नसे त्यांच्यात दर वेळी मी असेच. उर्दूच्या मुलांचे गुण माझ्या हातातील कागदावर होते आणि ते कागदावरच राहतात की काय, अशी धाकधूक वाटू लागली.

शेवटी प्रयोगशाळेतील साहाय्यक आले. त्यांनी संगणकाच्या व्यवस्थापन-पटलावर जाऊन त्या क्षणी कोण कोण जोडलेले आहे याची यादी उघडली. बरोबर दहा नावे होती. एक्सपी प्रोफेशनल एका वेळी दहाच संगणकांना फोल्डर देते, होम आवृत्ती तर पाचांनाच. विंडोज ७ पासून ही मर्यादा वीस झाली. त्याहून अधिक पाहिजेत तर सर्व्हरची प्रणाली विकत घ्यावी, असा कंपनीचा हिशेब. जोडणी नुसती पडून राहिली तर साधारण पंधरा मिनिटांनी आपोआप सुटते, पण फाइल उघडी असेल तर सुटत नाही. आमच्यापैकी तिघे फाइल तशीच उघडी ठेवून जेवायला गेले होते. साहाय्यकांनी त्या तीन जोडण्या तोडल्या आणि माझा फोल्डर उघडला.

अडवणुकीचे सगळे तत्त्व या प्रसंगात आले आहे. जागा मोजक्या आहेत, त्या ज्याला नको आहेत त्याने धरून ठेवल्या आहेत, आणि ज्याला पाहिजे तो दाराबाहेर उभा आहे. आमच्या तिघांचा काही हेतू नव्हता. हेच कोणी हेतुपुरस्सर करू लागला तर काय होईल, ते पुढे पाहू.

शून्य जागेची चिठ्ठी, आणि रुमाल टाकून धरलेली जागा

या विषयातील माझ्या माहितीतले ठळक जुने उदाहरण ऑगस्ट २००२ चे आहे. एनटी ४.०, विंडोज २००० आणि एक्सपी या तिन्ही प्रणालींत ती उणीव होती. ‘कोअर सिक्युरिटी’ या संस्थेच्या संशोधकांनी ती शोधली व मायक्रोसॉफ्टने २२ ऑगस्ट रोजी एमएस०२-०४५ या क्रमांकाच्या पत्रकाने तिच्यावरील दुरुस्ती दिली. उणीव अशी : जाळ्यातील एक संगणक दुसऱ्याला विचारू शकतो की, तुझ्याकडे वाटून दिलेले काय काय आहे? विचारताना त्याने उत्तरासाठी किती जागा राखावी हेही सांगायचे असते. आता कोणी खोडसाळपणे सांगितले की, उत्तरासाठी शून्य जागा राख. समजदार कारकून म्हणेल, शून्य जागेत उत्तर कसे लिहू? पण विंडोजचा तो भाग ही तपासणी न करता लिहू लागे, शेजारच्या जागेवर लिही, गाभ्यातील स्मृती बिघडे आणि निळा पडदा येई. यातील काही प्रश्न विचारायला नाव-गाव सांगण्याचीही गरज नव्हती, अनामिक जोडणी पुरत असे. थोड्याच काळात ‘एसएमबीडाय’ नावाचे एक आयते अवजार पसरले. संगणकाचा पत्ता लिहावा, बटण दाबावे, समोरचा संगणक बसला.

गोव्यात ‘सायबरएज’ योजनेखाली उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले तो याच काळाच्या मागेपुढे. योजनेविषयी मतभेद असतील, पण पेडण्यासारख्या तालुक्यात संगणकाशी मुलांची ओळख वाढली हे खरे. बटण दाबून शेजारचा संगणक पाडणे हा हुशारीचा खेळ वाटण्याचेही तेच वय असते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

२००९ सालच्या सप्टेंबरात लॉरां गाफिए या संशोधकाने एसएमबीच्या दुसऱ्या आवृत्तीतील उणीव जाहीर केली. व्हिस्टा व सर्व्हर २००८ यांना ती लागू होती. संवादातील अगदी पहिल्या चिठ्ठीत, म्हणजे भाषा विचारण्याच्या चिठ्ठीत, एका रकान्यात शून्याऐवजी दुसरेच चिन्ह टाकले की संगणक कोसळे. कारण पाहण्यासारखे आहे. तो रकाना म्हणजे एक संख्या होती आणि त्या संख्येवरून कोणत्या खणातील काम काढायचे ते ठरत असे. खण मोजकेच होते, पण मागितलेला खण अस्तित्वात आहे की नाही हे कोणी पाहत नव्हते. आरंभी ही केवळ अडवणुकीची उणीव मानली गेली. पुढे लक्षात आले की, नसलेल्या खणाच्या जागी हल्लेखोराला स्वतःचे काम ठेवता येते, म्हणजे संगणकाचा ताबाच घेता येतो. दुरुस्ती १३ ऑक्टोबर २००९ रोजी आली. तोवर पाच आठवडे गेले होते. ‘नुसते बंद पडते, चोरी तर होत नाही ना’ असे म्हणून जे अडवणुकीला हलके लेखतात, त्यांनी हे उदाहरण पाहावे.

२०१७ च्या फेब्रुवारीत उलट दिशेची उणीव प्रसिद्ध झाली. एरवी आपण फोल्डर देणाऱ्या संगणकाची काळजी करतो. येथे फोल्डर मागणाराच कोसळत होता. विंडोज ८.१ किंवा १० चा संगणक एखाद्या दुष्ट सर्व्हरला जोडला, आणि ‘हा घे तुझा फोल्डर’ या उत्तरामागे सर्व्हरने नियमाबाहेरचे लांबलचक शेपूट जोडून पाठवले, की मागणाऱ्याचा पडदा निळा. दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी मिळाली.

मला स्वतःला सर्वांत उद्बोधक वाटते ते मात्र त्याच वर्षीच्या जुलैतील ‘एसएमबीलोरिस’. शॉन डिलन व झॅक हार्डिंग या दोघांनी ते अमेरिकेतील डेफकॉन परिषदेत मांडले. लोरिस हा अतिशय संथ चालणारा प्राणी, त्यावरून हे नाव. यात चिठ्ठी चुकीची नाही, रकाना खोटा नाही, सर्व काही नियमाप्रमाणे आहे. पणजीच्या कदंब स्थानकावर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत, एखादे वेळी आपणही ते केले आहे. समजा एकाच माणसाने प्रत्येक आसनावर रुमाल टाकला आणि तो गाडीत चढलाच नाही. कंडक्टर रुमालाचा मान राखतो, गाडी रिकामी, आणि पेडण्याचे प्रवासी खाली उभे. एसएमबीलोरिस असेच करते. ते जोडणी उघडते, ‘मी १,३१,०७१ बाइट पाठवणार आहे’ एवढे सांगणारा चार बाइटांचा मथळा पाठवते आणि गप्प बसते. सर्व्हर भाबडेपणाने तेवढी जागा राखतो. एका संगणकाला अशा सुमारे ६५,००० जोडण्या उघडता येतात. गुणाकार केला तर सुमारे ८ गिगाबाइट स्मृती एकट्या पाहुण्याच्या रुमालांखाली जाते. ही स्मृती गाभ्यातील असल्यामुळे डिस्कवर तात्पुरती हलवताही येत नाही. निळा पडदाही येत नाही. संगणक नुसता थिजून राहतो.

ही उणीव विंडोज २००० पासून चालत आलेली होती आणि एसएमबीची पहिली आवृत्ती बंद केली तरी टळत नव्हती. मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी स्वतंत्र सुरक्षा-दुरुस्ती देण्याचे नाकारले. इंटरनेटवरून ४४५ चे दार बंद ठेवा, म्हणजे झाले, असे त्यांचे उत्तर होते. साम्बाच्या बाजूने जोडण्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा उपाय सांगितला गेला. कंपनीचे उत्तर मला अर्धेच पटते. बाहेरचे दार बंद करून बाहेरचा माणूस थांबतो, आतला थांबत नाही. आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सगळे आतलेच असतात.

न्हावा-शेवा आणि पणजी

वरील उणिवा वाचून हे सगळे प्रयोगशाळेतील खेळ आहेत असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून आपल्या जवळची दोन उदाहरणे देतो. दोन्ही शुद्ध अडवणुकीची नाहीत, पण परिणाम अडवणुकीचाच झाला.

पहिले महाराष्ट्रातील. मार्च २०१७ मध्ये एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील एका गंभीर उणिवेवर दुरुस्ती आली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्यात १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ शिरले व सुमारे दीडशे देशांत पसरले. त्यानंतर २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ आले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत प्रतीतून ते बाहेर पडले आणि फाइल-वाटपातील तीच उणीव व चोरलेले परवलीचे शब्द यांच्या आधाराने एका संगणकावरून दुसऱ्यावर गेले. मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बसले. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे, जवाहरलाल नेहरू बंदरात, त्याच समूहाशी संबंधित गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल आहे. तेथील कामकाज ठप्प झाले. कंटेनर होते, क्रेन होत्या, माणसे होती, पण कोणता कंटेनर कोणाचा व कोठे जायचा हे सांगणारी यंत्रणा अडली होती. मालाची वाट इतर टर्मिनलांकडे वळवावी लागली. मेर्स्कने आपले एकूण नुकसान २० ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले, आणि दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे केल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीर केले.

दुसरे आपल्या घरचे. २३ जुलै २०२१ चा पूर डिचोली, सत्तरी, पेडणे या तालुक्यांतील माणसे विसरलेली नाहीत. १९८२ नंतरचा हा सर्वांत वाईट पूर, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा म्हटले होते. पेडण्याच्या बाजूला शापोरा नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली, इकडे साखळी-डिचोलीत वाळवंटी आणि डिचोली नदीची भीती दर पावसाळ्यात असतेच. नद्यांच्या पातळीवर नजर ठेवण्यासाठी जलस्रोत खात्याची पूर-देखरेख यंत्रणा आहे. प्रमुख नद्यांवरील १५ ठिकाणची माहिती तीत गोळा होई. पुढच्याच पावसाळ्याच्या तोंडावर, २१ जून २०२२ रोजी, तिच्या सर्व्हरवर खंडणी-सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. फाइलींना ‘ईकिंग’ हे शेपूट लागले, त्या उघडेनात, आणि उघडून देण्यासाठी बिटकॉइनची मागणी आली. खात्याने सायबर पोलिसांकडे तक्रार केली. सर्व्हर चोवीस तास इंटरनेटवर होता, व्हायरस-प्रतिबंधक नव्हता व फायरवॉल कालबाह्य होती, असे त्या तक्रारीतून पुढे आले.

ईकिंग हे फोबॉस कुळातील सॉफ्टवेअर. हे कूळ सहसा फाइल-वाटपातून नव्हे, तर दुरून संगणक चालवण्यासाठी उघड्या ठेवलेल्या दारातून येते, पण एकदा आत आले की वाटून दिलेले फोल्डरही कुलूपबंद करते. तांत्रिक वाट निराळी असली तरी नदीकाठच्या माणसाच्या दृष्टीने प्रश्न तोच राहतो. नदी वाढत असताना तिची पातळी सांगणारा आकडा मिळायला हवा होता आणि तो अडला. माहिती गुप्त होती म्हणून तिचे मोल नव्हते, ती वेळेवर मिळते म्हणून होते. आपल्याकडे सुरक्षिततेचा विचार बहुधा चोरीच्या अंगाने होतो आणि उपलब्धतेच्या अंगाने होत नाही, असे मला या प्रकरणावरून वाटले.

आपल्या महाविद्यालयात

विर्नोडा, साखळी किंवा डिचोलीच्या महाविद्यालयात बंदराएवढी यंत्रणा नसते, त्यामुळे उपायही मोठे नाहीत. त्यांतील निम्मे तर अध्यापकाला स्वतःच करता येतात.

सर्वांत आधी एसएमबीची पहिली आवृत्ती बंद आहे का ते पाहावे. २०१७ च्या शरदापासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत ती मुळातच बसवलेली नसते. तरीही अनेक कार्यालयांत ती मुद्दाम चालू केलेली आढळते, आणि त्याचे कारण बहुधा कोपऱ्यातील झेरॉक्स यंत्र असते. ते जुने यंत्र कागद स्कॅन करून फोल्डरात टाकते आणि त्याला पहिलीच आवृत्ती येते. एका यंत्राच्या सोयीसाठी सर्व संगणकांचे दार उघडे राहते. अशा यंत्राला पेनड्राइव्हवर स्कॅन करायला लावावे, हा माझा सल्ला. चार पावले अधिक चालावे लागेल इतकेच. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तर नियम आणखी कडक झाले असून परवलीच्या शब्दावाचून ‘पाहुणा’ म्हणून फोल्डर उघडण्याची जुनी सवय तेथे चालत नाही. नवा संगणक आल्यावर जुना फोल्डर उघडत नाही अशी तक्रार पुष्कळदा त्यामुळेच असते. ही अडवणूक नव्हे, हे संरक्षण आहे.

दुरुस्त्या वेळेवर बसवणे हे सर्वांना ठाऊक असलेले आणि कोणी न करणारे काम. वर सांगितलेल्या उणिवांपैकी एसएमबीलोरिस वगळता प्रत्येकीवर दुरुस्ती मिळाली होती. एक्सपीचे साहाय्य एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चे जानेवारी २०२० मध्ये संपले, आणि विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. इनपेजच्या जुन्या प्रतीसाठी ठेवलेला एखादा एक्सपी संगणक तुमच्याकडे असेल, माझ्याकडेही होता, तर त्याची जाळ्याची तार काढून ठेवावी. टंकलेखन करावे, पीडीएफ करावी, पेनड्राइव्हने न्यावी. बाहेरच्या राउटरवर ४४५ व १३९ ही दारे बंद आहेत ना, हे ज्याच्याकडून इंटरनेट घेतले त्याला एकदा विचारावे. प्रयोगशाळेतील मुलांचे जाळे व कार्यालयाचे जाळे निराळे करता आले तर फारच उत्तम. लोरिसविरुद्ध खरा उपयोग त्याचाच.

आणि गुणांची एक प्रत फोल्डराबाहेर असावी, कागदावर असली तरी चालेल. त्या दिवशी माझ्याजवळ कागद होता म्हणून मला धीर होता.

विद्यार्थ्यांविषयी वर सांगायचे राहिले होते. मुलगा हुशार असतो, त्याला अवजार सापडते, तो ते शेजारच्या संगणकावर चालवून पाहतो. त्याला रागावण्याआधी कायदा समजावून द्यावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये, ज्याला संगणक वापरण्याचा अधिकार आहे अशा माणसाची वाट अडवणे हे स्वतंत्र उपकलमाने नोंदले आहे. त्याच कृत्याला अप्रामाणिक किंवा कपटी हेतूची जोड असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चोरी काहीच केली नाही, हा बचाव तेथे पुरत नाही. दुसरीकडे, ज्याला असे काही सापडते त्याने ते रीतसर कळवले तर त्याचे नाव संशोधकांत घेतले जाते. भारतात असे कळवण्याचे ठिकाण म्हणजे २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार सेवेच्या अडवणुकीसह ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत संस्थांनी कळवणे बंधनकारक आहे.

सहा तास म्हणजे सकाळी पहिल्या तासाला फोल्डर बंद आढळला तर दुपारच्या शेवटच्या तासापर्यंत. त्यात पाऊण तास व्हायरस शोधण्यात घालवण्यापूर्वी कोण कोण जोडलेले आहे ती यादी एकदा उघडून पाहावी. नावे आपलीच निघाली तर कोणीतरी जेवायला गेले आहे. एकाच अनोळखी पत्त्याच्या शेकडो जोडण्या दिसल्या तर तार काढावी आणि साहाय्यकांना बोलवावे.